चढण्यापेक्षा उतरणे अवघड : दातेरी रुळांवरील वाफेच्या इंजिनांची कथा

रेल्वे एवढे ओझे सहज कसे ओढते, याचे उत्तर आपण वर्गात नेहमी देतो. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरताना होणारा विरोध फार थोडा असतो. सपाटीवर एक टन वजनाची वाघीण चालती ठेवायला चार-पाच किलोग्रॅम वजनाइतकी ओढ पुरते. खडबडीत रस्त्यावरच्या बैलगाडीला त्याच्या कितीतरी पट ओढ लागते. पण ज्या गुळगुळीतपणामुळे हा फायदा मिळतो, तोच गुळगुळीतपणा चढावर आडवा येतो. कारण इंजिनाचे चाक रुळाला जे धरून असते, तेही घर्षणाच्याच बळावर. घर्षण कमी पडले की चाक जागच्या जागी फिरते आणि गाडी हलत नाही.

एक छोटेसे गणित करून पाहू. ४० टन वजनाचे इंजिन घ्या. त्याचे सगळे वजन वाफेने फिरणाऱ्या चाकांवर आहे असे समजा. कोरड्या रुळावर अशी चाके साधारणपणे त्यांच्यावरील वजनाच्या एक पंचमांश ते एक चतुर्थांश एवढीच ओढ न घसरता देऊ शकतात. म्हणजे हे इंजिन सावधपणे धरले तर ८ टन ओढ देईल. आता मुंबई-पुणे मार्गावरचा बोरघाट पाहा. तेथील सर्वांत कडक चढ ३७ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. या चढावर प्रत्येक टनामागे सुमारे २७ किलो ओढ केवळ गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यात जाते आणि चाकांच्या विरोधाचे चार किलो त्यात मिळवायचे. भागाकार केला तर आपले इंजिन स्वतःला धरून सुमारे २५८ टन वजन वर नेऊ शकते. माथेरानच्या छोट्या गाडीच्या मार्गावर चढ २०ला १ आहे. तेवढ्या चढावर हाच आकडा सुमारे १४८ टनांवर येतो. १२ला १ चढावर तो सुमारे ९२ टन होतो, म्हणजे निम्म्याच्या जवळपास ताकद इंजिन स्वतःलाच वर नेण्यात घालवते. आणि ४ला १ चढावर उत्तर येते ३२ टन. इंजिनाचे स्वतःचे वजन आहे ४० टन. गाडी ओढणे दूरच, ते स्वतःही वर जाऊ शकत नाही.

लक्षात घ्या, येथे वाफ कमी पडत नाही. बॉयलर कितीही मोठा केला तरी उत्तर बदलत नाही, कारण कमी पडते आहे ती पकड. यावरचा उपाय कोणालाही सुचेल असा आहे. दोन रुळांच्या मध्ये दाते असलेली पट्टी बसवायची, इंजिनाखाली दातेरी चाक लावायचे आणि दात्यात दाता अडकवून शिडी चढल्यासारखे वर जायचे. हा उपाय सुचला आणि अमलातही आला तो १८१२ सालीच. गंमत अशी की डोंगरावर त्याचा उपयोग व्हायला आणखी साठेक वर्षे जावी लागली. ही वर्षे गाडी वर नेण्याच्या विचारापेक्षा ती सुखरूप खाली आणण्याच्या विचारात अधिक गेली, असे या इंजिनांच्या रचनेकडे पाहिले की वाटते. या लेखात आपण ती रचना एकेका अडचणीच्या अंगाने समजून घेणार आहोत.

गरज नव्हती तेथे लागलेला शोध

इंग्लंडमध्ये लीड्स शहराजवळ मिडल्टन येथे कोळशाच्या खाणी होत्या. खाणीतला कोळसा घोडे लावून शहरात नेला जाई. नेपोलियनबरोबरच्या युद्धामुळे घोड्यांचा दाणागोटा महाग झाला, तेव्हा खाणीचा व्यवस्थापक जॉन ब्लेंकिन्सॉप वाफेच्या इंजिनाकडे वळला. त्याच्यापुढे अडचण होती ती रुळांची. त्या काळचे रूळ ओतीव लोखंडाचे आणि ठिसूळ होते. रिचर्ड ट्रेव्हिथिकने १८०४ साली वेल्समध्ये चालवलेल्या इंजिनाच्या भाराने रूळ मोडले होते. म्हणजे इंजिन जड केले तर रूळ मोडणार आणि हलके ठेवले तर पकड कमी पडणार. ब्लेंकिन्सॉपने १८११ साली एका बाजूच्या रुळालाच बाहेरून दाते ठेवण्याची कल्पना नोंदवली. मॅथ्यू मरे याने त्यासाठी 'सालामांका' नावाचे सुमारे पाच टनांचे इंजिन बांधले आणि ऑगस्ट १८१२ मध्ये ते चालू झाले. व्यापारी तत्त्वावर यशस्वी झालेले हे जगातील पहिले वाफेचे रेल्वे-इंजिन मानले जाते. तेव्हा दातेरी रेल्वेला रेल्वेच्या इतिहासातली आडवाट म्हणता येणार नाही. वाफेच्या रेल्वेची सुरुवातच दात्यांपासून झाली आहे.

मात्र मिडल्टनचा मार्ग बहुतांशी सपाट होता. १८१३ साली विल्यम हेडलीने वायलमच्या खाणीवर प्रयोग करून दाखवून दिले की साध्या गुळगुळीत चाकांची पकड अशा कामाला पुरेशी असते. पुढे चिवट लोखंडाचे मजबूत रूळ आले, जड इंजिने चालू लागली आणि दाते मागे पडले. 'सालामांका'चा शेवट १८१८ साली बॉयलर फुटून झाला. चालकाने सुरक्षा झडपेत ढवळाढवळ केली होती, अशी साक्ष जॉर्ज स्टीफन्सन याने पुढे इंग्लंडच्या संसदेच्या समितीपुढे दिली.

'चंद्रापर्यंतची रेल्वे'

सिल्व्हेस्टर मार्श हा अमेरिकेतील मांस-व्यवसायात पैसा कमावून निवृत्त झालेला गृहस्थ. १८५७ साली न्यू हॅम्पशायर राज्यातील माउंट वॉशिंग्टन हा डोंगर चढताना तो वादळात सापडला. या डोंगरावर लोकांना सुखाने जाता आले पाहिजे, असे त्याने मनावर घेतले आणि दातेरी रेल्वेची परवानगी मागितली. राज्याच्या विधिमंडळात हशा पिकला. परवानगी देताना ती चंद्रापर्यंत वाढवून द्या, अशी थट्टा एका सभासदाने केल्याचे सांगतात. परवानगी १८५८ साली मिळाली, इंजिन १८६६ साली तयार झाले आणि ३ जुलै १८६९ रोजी गाडी शिखरावर पोहोचली. या मार्गाचा सर्वांत कडक चढ ३७ टक्क्यांहून थोडा अधिक आहे, म्हणजे पावणेतीन मीटर पुढे गेले की एक मीटर वर.

मार्शचे पहिले इंजिन दिसायला विचित्र होते. उभा बॉयलर एखाद्या बाटलीसारखा दिसे, म्हणून मिरीच्या सॉसच्या बाटलीवरून लोकांनी त्याला 'पेपरसास' असे नाव पाडले. त्याची दातेरी पट्टी म्हणजे अक्षरशः शिडी होती. लोखंडाच्या दोन कोनपट्ट्या आणि त्यांच्यामध्ये ठोकलेले गोल आडवे दांडे. या इंजिनांत मार्शने एक साधी आणि महत्त्वाची सोय केली. चढताना एक खिट्टी दातेरी चाकाच्या दात्यांवरून टक टक करीत सरकत जाई. चाक उलटे फिरू लागले, तर ती दात्यात अडकून त्याला थांबवी. विहिरीच्या रहाटाला किंवा घड्याळाला किल्ली देताना हीच युक्ती आपण पाहतो. पण ही खिट्टी फक्त चढतानाच उपयोगाची. उतरताना चाक उलटेच फिरायला हवे, म्हणून ती उचलून ठेवावी लागते. म्हणजे धोका जेव्हा सर्वांत जास्त, नेमका तेव्हाच हा पहारेकरी बाजूला ठेवावा लागतो.

त्याच सुमारास युरोपात निकलाउस रिगेनबाख हा अभियंता स्वतंत्रपणे याच प्रश्नावर काम करीत होता. तो ओल्टन येथील स्विस सेंट्रल रेल्वेच्या कारखान्याचा प्रमुख होता. जवळच्या हाउएनश्टाइनच्या चढावर इंजिनांची चाके घसरताना तो पाही. हा चढ जवळजवळ आपल्या बोरघाटाइतकाच होता. १८६३ साली, म्हणजे बोरघाटातून गाड्या सुरू झाल्या त्याच वर्षी, त्याने फ्रान्समध्ये आपल्या दातेरी पट्टीचे पेटंट घेतले. त्याच्या पट्टीतही शिडीसारखेच आडवे दांडे होते, पण गोल नव्हते. त्यांचा छेद समलंब चौकोनासारखा होता, त्यामुळे चाकाचे दाते त्यांच्यावर सपाट आणि एकसारखे टेकत. त्शोके आणि नेफ या दोन अभियंत्यांच्या साथीने त्याने फित्सनाऊ गावापासून रीगी डोंगरावर जाणारा मार्ग बांधला. २१ मे १८७१ रोजी तो सुरू झाला. तो दिवस रिगेनबाखच्या चोपन्नाव्या वाढदिवसाचा होता. येथील कमाल चढ ४ला १, म्हणजे आपल्या गणितातले इंजिन जेथे हरले तेवढा.

पाणी आपली पातळी सोडत नाही

मार्श आणि रिगेनबाख या दोघांनीही बॉयलर उभा ठेवला होता. त्यामागचे कारण वर्गात एका बाटलीने दाखवता येते. एक लांब बाटली पाण्याने निम्मी भरून आडवी धरा आणि तिचे एक टोक उचला. पाणी खालच्या टोकाला जमते आणि वरचे टोक कोरडे पडते. आता तीच बाटली उभी धरून तेवढीच तिरपी करा. पाण्याची पातळी बाटलीच्या काठांशी थोडीशीच तिरपी होते.

वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये आगीच्या जागेचे छत आणि गरम धुराच्या नळ्या सतत पाण्याखाली बुडालेल्या असाव्या लागतात. पाण्याने झाकलेले लोखंड पाण्याच्या तापमानापेक्षा फार तापत नाही. उघडे पडलेले लोखंड मात्र लाल होते, मऊ पडते आणि आतल्या दाबापुढे हार मानते. बॉयलर ३ मीटर लांबीचा असेल, तर ४ला १ चढावर त्याच्या दोन टोकांच्या पाण्याच्या खोलीत ७५ सेंटिमीटरचा फरक पडेल. १ मीटर व्यासाच्या उभ्या बॉयलरमध्ये हा फरक २५ सेंटिमीटरच राहतो. उभ्या बॉयलरचा दोष असा की त्यात नळ्यांची लांबी कमी असते. उष्णता पाण्यात पुरती उतरण्याआधीच धूर बाहेर पडतो आणि कोळसा वाया जातो.

यावर पुढे दोन उत्तरे निघाली. पहिले उत्तर म्हणजे आडवा बॉयलरच इंजिनाच्या सांगाड्यावर तिरपा बसवायचा. मार्गाच्या मधल्या चढावर तो बरोबर आडवा येतो. अशी इंजिने सपाट जमिनीवर उभी असली की नाक खाली घालून उभी आहेत असे वाटते. अर्थात अशा इंजिनाचे तोंड फिरवून चालत नाही. बॉयलरचा तिरपेपणा एकाच दिशेच्या चढासाठी ठरलेला असतो. दुसरे उत्तर स्वित्झर्लंडमधील पिलाटुस डोंगरावर मिळाले. तेथे बॉयलर मार्गाला आडवा, म्हणजे एका रुळाकडून दुसऱ्या रुळाकडे असा बसवला. गाडी कितीही कडक चढावर असली तरी डावा आणि उजवा रूळ एकाच पातळीत असतात. त्यामुळे बॉयलरची लांबी पाण्याच्या दृष्टीने सपाटीवरच राहते आणि फरक पडतो तो त्याच्या व्यासापुरता.

खाली येताना उष्णता कोठे टाकायची?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गाडी वर नेताना आपण कोळशातली ऊर्जा खर्च करून तिला स्थितिज ऊर्जा देतो. उतरताना ही सगळी ऊर्जा परत मिळते. ती कोठेतरी घालवली नाही, तर तिची गतिज ऊर्जा होते आणि गाडी सुटते.

ही ऊर्जा किती असते ते पाहू. इंजिन आणि डबा मिळून २५ टन वजन १,३०० मीटर खाली येते असे समजा. फित्सनाऊपासून रीगीच्या शिखरापर्यंतची उंची साधारण एवढीच आहे. वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला तर २५,००० × ९.८ × १,३०० म्हणजे जवळजवळ ३२ कोटी ज्यूल येतात. एवढी उष्णता ब्रेकच्या लोखंडी ठोकळ्यांत साठत गेली, तर २०० किलोहून अधिक लोखंड वितळवता येईल. वाटेत बरीच उष्णता हवेत जाते हे खरे. तरीही लाकडी किंवा लोखंडी ठोकळा चाकावर दाबून डोंगर उतरायचा म्हणजे ठोकळा जळणार, झिजणार, आणि नेमका तळाशी पोहोचण्याआधी निकामी होणार.

रिगेनबाखने वापरलेली युक्ती या इंजिनांतला सर्वांत सुंदर भाग आहे. त्याने इंजिनाच्या सिलिंडरचेच ब्रेक केले. उतरताना चालक वाफ बंद करतो आणि झडपांची रचना उलट्या दिशेसाठी लावतो. आता चाके दट्ट्यांना फिरवतात. दट्ट्या बाहेरची स्वच्छ हवा आत ओढतो आणि दाबतो. ही दाबलेली हवा एका छोट्या तोटीतूनच बाहेर पडू शकते. तोटी चालकाच्या हातात असते. ती आवळली की हवा कोंडते, दट्ट्याला होणारा विरोध वाढतो आणि गाडी मंदावते. सैल केली की गाडी मोकळी होते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून धरून दट्ट्या ढकलला तर हाताला काय जाणवते, ते आठवा.

तोच पंप थोडा वेळ मारला की गरम होतो, हेही आपल्याला माहीत आहे. सिलिंडरही असाच तापतो आणि आतले तेल जळून जाते. म्हणून त्यात थोडे थोडे पाणी सोडतात. त्या पाण्याची वाफ होते आणि उष्णता घेऊन ती निघून जाते. पाण्याची वाफ व्हायला किती प्रचंड उष्णता लागते, हे आपण अप्रकट उष्म्याच्या धड्यात शिकवतोच. २० अंश तापमानाच्या एक किलो पाण्याची पूर्ण वाफ करायला सुमारे २६ लाख ज्यूल लागतात. आपल्या ३२ कोटी ज्यूलना यांनी भागले तर उत्तर येते सुमारे १२० किलो पाणी. जी ऊर्जा २०० किलो लोखंड वितळवू शकते, ती सहा बादल्या पाण्यात निमूटपणे विरून जाते. ठोकळे झिजत नाहीत आणि हातातल्या एका तोटीने वेग हवा तसा ठेवता येतो. ठोकळ्यांचे ब्रेक असतातच, पण ते गाडी पूर्ण थांबवण्यासाठी आणि अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवलेले असतात.

याच्या जोडीला एक नियम सर्वत्र पाळला गेला. इंजिन नेहमी डब्याच्या खालच्या बाजूला. चढताना ते डब्याला ढकलते आणि उतरताना डबा त्याच्यावर रेलून येतो. त्यामुळे साखळी तुटून डबा खाली पळण्याचा प्रश्नच राहत नाही. शिवाय डब्यालाही स्वतःचे दातेरी चाक आणि ब्रेक देतात.

दाता सुटला तर

हे सगळे ब्रेक दातेरी चाकावर काम करतात. ते चाक पट्टीत अडकलेले आहे तोवरच त्यांचा उपयोग. दाता पट्टीतून बाहेर आला की सगळे ब्रेक एका क्षणात फुकट जातात.

दाता बाहेर का येतो? दात्याची बाजू उभी नसते, थोडी तिरकी असते. तिरक्या पृष्ठभागावर दिलेल्या जोराचा काही भाग चाकाला वर उचलण्यात जातो. त्याला खाली दाबून धरते ते इंजिनाचे वजन. चढ जितका कडक, तितका दात्यावरचा जोर जास्त आणि रुळावर लंब दिशेने पडणारे वजन कमी. उतारावर जोरात ब्रेक लावला तर दात्यावरचा जोर आणखी वाढतो. घाबरून कचकन ब्रेक दाबणे अशा गाडीत धोक्याचे असते ते यासाठी.

वेल्समधील स्नोडन डोंगराची रेल्वे ६ एप्रिल १८९६ रोजी सुरू झाली आणि त्याच दिवशी हा धोका खरा ठरला. 'लाडास' नावाचे इंजिन दोन डबे घेऊन शिखरावरून खाली येत असताना त्याचे दातेरी चाक पट्टीतून निसटले. वेग वाढत गेला. चालक आणि त्याच्या मदतनिसाने उड्या टाकल्या, इंजिन एका वळणावर रूळ सोडून खोल दरीत कोसळले. डबे इंजिनाला जोडलेले नव्हते. त्यांच्या स्वतःच्या ब्रेकने ते रुळावरच थांबले. आतले प्रवासी वाचले असते, पण भीतीने डब्यातून उडी घेतलेल्या एका प्रवाशाचा मृत्यू झाला. बांधकामानंतर जमीन दबून मार्गाची पातळी बिघडली होती आणि गाडीच्या वजनामुळे वेगही प्रमाणाबाहेर गेला होता, असे चौकशीत निघाले. मार्ग बंद ठेवून दातेरी पट्टीच्या दोन्ही बाजूंना पकड-पट्ट्या बसवण्यात आल्या. इंजिनाचा आकडा त्यांच्या कडेखाली अडकतो आणि चाक वर उचलले जात नाही. गाडीतले वजनही कमी करण्यात आले. १८९७ साली रेल्वे पुन्हा सुरू झाली. माउंट वॉशिंग्टनवर तर १९२९ साली ऐतिहासिक 'पेपरसास' समारंभासाठी दुरुस्त करून वर नेले असता उतरताना ते पट्टीतून सुटले आणि एका छायाचित्रकाराचा बळी गेला.

या प्रश्नाचे मुळापासूनचे उत्तर एदुआर्ड लोखर याने स्नोडनच्या आधीच, पिलाटुसच्या मार्गावर दिले होते. ४ जून १८८९ रोजी सुरू झालेल्या या मार्गाचा चढ ४८ टक्क्यांपर्यंत जातो. दोन मीटर पुढे गेले की जवळजवळ एक मीटर वर. दातेरी रेल्वेत यापेक्षा कडक चढ जगात दुसरीकडे नाही. एवढ्या चढावर वरच्या बाजूला दाते ठेवणे लोखरला धोक्याचे वाटले. त्याने पट्टी आडवी ठेवली आणि तिच्या डाव्या व उजव्या दोन्ही कडांना दाते पाडले. गाडीखालची दोन दातेरी चाके जात्याच्या पाळूसारखी आडवी फिरतात आणि पट्टीला दोन्हीकडून कवेत घेतात. डाव्या चाकाचा बाहेर ढकलणारा जोर उजव्याच्या जोराशी फिटतो. चाकांखालच्या चकत्या पट्टीच्या खाली जात असल्याने गाडी वर उचललीही जात नाही. डोंगरावरच्या सोसाट्याच्या वाऱ्यातही ती कलंडत नाही ती यामुळेच. वजन वाचवण्यासाठी इंजिन आणि डबा मिळून एकच वाहन केले होते. ही वाफेची वाहने १९३७ पर्यंत चालली.

आब्टच्या पट्ट्या आणि निलगिरीची चढण

रोमान आब्ट हा रिगेनबाखच्या हाताखाली ओल्टनच्या कारखान्यात तयार झालेला अभियंता. गुरूची शिडी भक्कम होती, पण जड आणि महाग होती. एक दाता सोडून चाक पुढच्या दात्यावर जाई तेव्हा हिसकाही बसे. आब्टने १८८२ साली शिडी काढून टाकली आणि सपाट पोलादी पट्ट्यांच्या वरच्या कडेला दाते पाडून अशा दोन किंवा तीन पट्ट्या शेजारी शेजारी बसवल्या. त्यातली खुबी अशी की एका पट्टीचा दाता जेथे असेल, तेथे शेजारच्या पट्टीची खाच येते. प्रत्येक पट्टीसाठी वेगळे चाक असते. त्यामुळे एक दाता सुटत असताना दुसरा पुरता अडकलेला असतो, आणि गाडी हिसका न घेता चालते. जर्मनीतील हार्ट्स डोंगरात १८८५ साली ही पद्धत प्रथम वापरली गेली. पुढे १९२० च्या सुमारास तेथे साध्या चाकांची जबर इंजिने आली आणि दात्यांची गरज उरली नाही. हेडलीने जे एकदा दाखवून दिले होते ते पुन्हा खरे ठरले. साध्या चाकाची पकड पुरत असेल तर दाते नकोतच. कारण दात्यांची गाडी संथ चालते आणि तिची देखभाल महाग पडते.

आपल्या देशात मात्र एका मार्गाला दाते लागलेच. निलगिरी डोंगरावर रेल्वे नेण्याची पहिली सूचना १८५४ सालची. १८८२ मध्ये खुद्द रिगेनबाख सरकारच्या निमंत्रणावरून तेथे येऊन पाहणी करून गेला. प्रत्यक्ष काम १८९१ मध्ये सुरू झाले आणि १८९९ साली मेट्टुपालयम ते कुन्नूर गाडी धावू लागली. १९०८ साली ती ऊटीला पोहोचली. मार्गावर पट्टी बसली ती गुरूची नव्हे, शिष्याची. कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात सुमारे १२ला १ असा चढ आहे आणि तेथे आब्टची दुहेरी पट्टी आहे. बाकीचा मार्ग साध्या रुळांचा आहे.

यामुळे या इंजिनाला दोन प्रकारची कामे करावी लागतात. साध्या मार्गावर साध्या चाकांनी, चढावर चाके आणि दाते दोन्हींनी. स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथील कारखान्याने बांधलेल्या 'एक्स' वर्गाच्या इंजिनांत याची सोय पाहण्यासारखी आहे. प्रत्येक बाजूला दोन सिलिंडर, एकावर एक. बॉयलरची ताजी, जास्त दाबाची वाफ आधी साध्या चाकांच्या सिलिंडरमध्ये जाते. साध्या मार्गावर ती तेथूनच धुराड्यातून बाहेर पडते. दातेरी टप्पा लागला की चालक तीच वापरलेली वाफ दुसऱ्या सिलिंडरकडे वळवतो. तेथे तिच्यातला उरलेला दाब दातेरी चाके फिरवतो. म्हणजे जेथे जास्त ताकद हवी तेथे त्याच वाफेकडून दोनदा काम करून घेतले जाते. आणखी एक फायदा आपोआप मिळतो. साधी चाके घसरून जोराने फिरू लागली, तर त्यांच्या सिलिंडरमधून भराभर वाफ निघून पुढच्या सिलिंडरच्या तोंडाशी तुंबते. तिच्या उलट दाबाने घसरणाऱ्या चाकांचा जोर कमी होतो आणि दात्यांचा वाढतो. चालकाने हात लावण्याआधीच यंत्र स्वतःला सावरते.

येथेही इंजिन खालच्या बाजूलाच असते. शिवाय प्रत्येक डब्यावर ब्रेक सांभाळणारा माणूस उभा असतो. झेंड्याच्या खुणेवर तो ब्रेक लावतो किंवा सोडतो. २००५ साली युनेस्कोने या मार्गाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. २०११ पासून तिरुचिरापल्लीजवळच्या गोल्डन रॉक कारखान्याने याच वर्गाची नवी वाफेची इंजिने बांधली. शंभर वर्षांपूर्वीच्या रचनेत आपल्या कारागिरांनी पुन्हा हात घातला, याचे कौतुक विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

उतरणीची ऊर्जा

बहुतेक दातेरी मार्गांवर विसाव्या शतकात वीज आली. फित्सनाऊ-रीगी मार्गाचे विद्युतीकरण १९३७ साली झाले. वाफ अगदीच संपली असे नाही. स्वित्झर्लंडमधील ब्रिएन्झ-रोटहॉर्न मार्गासाठी १९९२ आणि १९९६ साली तेलावर चालणारी नवी वाफेची इंजिने बांधली गेली. ती चालवायला एकच माणूस पुरतो.

पण विजेने जो बदल केला तो चढण्यातला नाही, उतरण्यातला आहे. विजेच्या गाडीत उतरताना मोटरच जनित्र होते आणि तयार झालेली वीज तारेत परत जाते. त्याच वेळी दुसरी गाडी वर चढत असेल, तर ती वीज तिच्या कामी येते. आपण काढलेले ३२ कोटी ज्यूल रिगेनबाखला पाण्यात घालवावे लागले होते, कारण ती ऊर्जा साठवण्याची किंवा दुसऱ्याला देण्याची काहीच सोय वाफेच्या इंजिनात नव्हती. वर्गात हे गणित सोडवून झाल्यावर मुलांना एक प्रश्न जरूर विचारा. उतरणाऱ्या गाडीची सगळी वीज चढणाऱ्या गाडीला मिळाली, तर चढणाऱ्या गाडीला बाहेरून वीज मुळीच लागणार नाही का? दात्यांचे घर्षण, तारांचा विरोध, मोटर तापणे अशी एकेक गळती मुले स्वतःच शोधून काढतील.